पुढची सायकल

आमच्या हॉलमध्ये जिथे सोफा होता तिथे आता दोन सायकली उभ्या आहेत, आणि दोन्हींना मागचं चाक नाही. पाहुणे येतात, आधी बसायला जागा शोधतात, मग चाकं कुठे गेली म्हणून विचारतात. चाकं माळ्यावर आहेत. त्यांच्या जागी लोखंडी पाय पसरून बसलेलं एकेक यंत्र आहे आणि सायकलची साखळी त्यालाच जोडलेली आहे. घरात व्यायामाला सायकलचा स्टँड असणं आता नवलाचं राहिलेलं नाही. मिरजेत गल्लीगल्लीत एक तरी निघेल आणि त्यातल्या निम्म्यांवर टॉवेल वाळत असतात. आमच्यावर वाळत नाहीत, एवढाच काय तो फरक, असं मी सुरुवातीला लोकांना सांगत असे. खरा फरक मला कळला त्याला चार महिने झाले. अजूनही सकाळी हॉलचा दिवा लावला की मी त्या दोन यंत्रांकडे जरा वेळ बघत राहते.

मी हेमलता मगदूम. पस्तीस वर्षं मुलींच्या हायस्कुलात विज्ञान शिकवलं, त्यामुळे समजावून सांगायची खोड जडली आहे. ती सोसणारा घरात एकच माणूस, माझे यजमान उल्हास. ते टर्नर होते. एमआयडीसीतल्या कारखान्यात लेथवर त्यांनी अठ्ठावीस वर्षं काम केलं आणि त्यांच्या हातचा दांडा मोजायला घेतला तर शतांश मिलिमीटरचाही फरक निघत नसे. रविवारी आम्ही दोघं सायकलने बाहुबलीला जायचो. ते पुढे, मी त्यांच्या मागच्या चाकाला चिकटून. पुढच्याने वारा खायचा आणि मागच्याने त्याच्या आडोशाला चालवायचं, हा सायकलवाल्यांचा रिवाज. खरं तर पाळीपाळीने पुढे यायचं असतं. माझी पाळी अठ्ठावीस वर्षांत कधी आली नाही.

सहा वर्षांपूर्वी त्यांच्या उजव्या हाताचा अंगठा आपोआप हलायला लागला. कंपवात निघाला. पुढे हात थरथरायला लागला, आवाज बारीक झाला, चेहऱ्यावरचं हसू मावळलं, आणि उंबऱ्यापाशी आले की पाय जमिनीला खिळायला लागले. हे सगळं मी निभावून नेलं असतं. पण गेल्या वर्षापासून घास तोंडापर्यंत पोचेना. मी भरवायला लागले. ज्या माणसाने आयुष्यात कुणाला पाण्याचा तांब्या आणायला सांगितलं नाही, तो चार घास झाले की तोंड मिटून घ्यायचा आणि म्हणायचा, पुरे. पोट भरलेलं नसायचं, हे मला कळायचं आणि मला कळतंय हे त्यांनाही कळायचं. बस्तीतल्या, म्हणजे आमच्या जैन मंदिरातल्या, जेवणावळींना जाणं बंद झालं. सात महिन्यांत त्यांचं वजन अकरा किलो उतरलं. त्यांचा रोग बरा व्हावा असं मी मागत नव्हते, तो बरा होत नाही एवढी अक्कल मला आहे. त्यांनी स्वतःच्या हाताने जेवावं, एवढंच मला हवं होतं.

त्याच सुमाराला डॉक्टर यास्मिन मुजावर घरी आली. नववी ब, तिसरा बाक, प्रयोगवहीत आकृत्या सुरेख. आता मेंदूच्या विकारांवर संशोधन करते आणि अजूनही मला बाईच म्हणते. तिने आणलेल्या यंत्राच्या जोडीला तिच्या संशोधन केंद्रात नाव दिलं होतं सांगड.

आता थोडं विज्ञान, फार ताणणार नाही. कंपवाताच्या माणसाच्या मेंदूतला ठेका बिघडलेला असतो. आपण चालतो तेव्हा पाऊल कधी उचलायचं हे मेंदूच्या तळाशी कुणीतरी मोजत असतं, आपल्याला पत्ताही नसतो. तो मोजणारा हळूहळू संपावर जातो. पण एक चमत्कारिक गोष्ट डॉक्टरांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. ज्याला चार पावलं टाकता येत नाहीत असा रुग्ण सायकलवर बसवला तर पायडल मारू शकतो. आणि दुसऱ्याच्या जोरावर त्याचे पाय त्याच्या आपखुशीच्या वेगापेक्षा भरभर फिरवले, तर नंतर काही तास त्याच्या हाताचा कंपसुद्धा उतरतो. फिरतात पाय आणि सुधारतो हात. स्नायूंतून आणि सांध्यांतून ठेका उलटा वर मेंदूकडे जातो, असं मानतात.

सांगड त्याच्यावर बेतलेली. प्रत्येक स्टँडमधली मोटर पायडलवरचा जोर सेकंदाला हजार वेळा मोजते. एक सायकल पुढची, एक मागची, हॉलमधल्या जागेने नव्हे, यंत्राच्या हिशेबात. पुढचा ज्या वेगाने फिरवेल त्या वेगाने मागच्याची पायडलं मोटर फिरवते. आणि मागच्याचा जोर कमीजास्त झाला की त्याचा थोडासा अंश पुढच्याच्या पायाला जाणवतो, नाहीतर आपल्या मागे कुणी आहे हेच त्याला कळायचं नाही. पुढे निरोगी माणूस, मागे रुग्ण. रोज सकाळी चाळीस मिनिटं, मिनिटाला पंच्याऐंशी फेरे. उल्हास एकटे बसले तेव्हा जास्तीत जास्त बावन्न झाले होते. पाच मिनिटांत पाय थांबले.

यास्मिन स्टँड बसवत असताना तिला दवाखान्यातून फोन आला. ती घाईने निघाली आणि जाता जाता म्हणाली, बाई, यंत्राच्या पडद्यावर दोघांची नावं तेवढी भरा, की झालं. मी भरली. पुस्तिकाही दिली होती. ती मी कपाटात जपून ठेवली, आपल्याकडे पुस्तिकेचं जे करतात ते.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही सुरू केलं. पडदा माझ्यासमोर, त्यांच्यासमोर खिडकी. मी मोठ्याने आकडे सांगायची. पहिल्या दिवशी साठवर दम लागला. आठवडाभरात सत्तर, मग ऐंशी. चौसष्टाव्या वर्षी मी एका माणसाला आपल्या पायांच्या जोरावर ओढतेय, हे मला फार आवडलं. चौथ्या आठवड्यात एका दुपारी मी ताट वाढून आत आमटी आणायला गेले. परत आले तर त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला होता. कंपवाताच्या माणसाला भाकरी मोडणं म्हणजे काय ते घरात बघितल्याशिवाय कळत नाही, दोन्ही हातांनी एकमेकांचं ऐकावं लागतं. त्यांनी तुकडा आमटीत बुडवला, वर नेला आणि खाल्ला. मी पातेलं हातात धरून तशीच उभी राहिले. त्या दिवशी त्यांनी दीड भाकरी खाल्ली आणि मी सगळ्या गल्लीला सांगून आले की मी त्यांना ओढते म्हणून हे झालं.

सहा आठवड्यांनी यास्मिन आली ती हसत नव्हती. उल्हास आत अंघोळ करत होते. तिने टॅबलेट माझ्यापुढे ठेवला आणि विचारलं, बाई, नावं भरताना पहिलं कुणाचं घातलंत?

मला प्रश्नच कळला नाही. पहिलं कुणाचं घालणार? दारावरच्या पाटीवर, गॅसच्या कार्डावर, बस्तीच्या पावतीवर, आम्ही दिलेल्या झाडून सगळ्या आहेरांवर जे पहिलं आहे तेच. श्री. उल्हास व सौ. हेमलता. पस्तीस वर्षं मी मुलींना समतेवर निबंध लिहायला लावले आणि स्वतःचं नाव पहिलं लिहायचं माझ्या मनातही आलं नाही.

यंत्राच्या लेखी पहिलं नाव म्हणजे पुढची सायकल. पुस्तिकेत पान अकरावर तसं ठळक लिहिलेलं आहे, ते मी नंतर वाचलं.

म्हणजे सहा आठवडे मी मागे होते. मी ज्याला माझा जोर समजत होते तो मोटरचा होता, आणि मोटरला तो वेग उल्हासचे पाय देत होते. एकटे बावन्नवर थांबणारे उल्हास चाळीस मिनिटं पंच्याऐंशी फेऱ्यांनी मला ओढत होते. हे मी यास्मिनला म्हटलं, तेव्हा ती म्हणाली, अजून बघा. तिने पडद्यावर दोन रेषा आणल्या, वरची त्यांची, खालची माझी. खालच्या रेषेला प्रत्येक फेऱ्यात एका ठरावीक जागी खळगा होता आणि त्या प्रत्येक खळग्यावर वरची रेषा उंच झाली होती.

"बाई, तुमचा डावा गुडघा दुखतोय?"

दिवाळीपासून दुखत होता. जिना उतरताना तर डोळ्यांत पाणी यायचं. पण एका घरात दोन आजारी कशाला, म्हणून मी तो चेहऱ्यावर दिसू दिला नव्हता आणि पायडलवर जास्तच रेटून मारत होते. यास्मिन सांगत होती की तुमचा डावा पाय ढिला पडला की पाव सेकंदाच्या आत काकांचा जोर वाढतो, हजारो फेऱ्यांत एकदाही चुकलेला नाही. दवाखान्यात आम्ही जोर लावा म्हणून ओरडतो तेव्हा त्यांना तो लावता येत नाही, असं ती म्हणाली. सांगड दिलेल्या बाकीच्या पंधरा घरांत रुग्ण मागे आहेत, ते थोडे सुधारलेत, पण असं कुठेच झालेलं नाही. मग तिने टॅबलेट उलटा ठेवला. मी पस्तीस वर्षं न्यूटनचा तिसरा नियम शिकवला, पण माझ्या पायातलं दुखणं एका साखळीतून दुसऱ्या माणसाच्या पायात पोचतं आणि तिथून उत्तर येतं, हे मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं.

"यांना गुडघ्याचं बोलू नकोस," एवढंच मी म्हणाले.

केंद्राच्या नियमाप्रमाणे चूक दुरुस्त करणं भाग होतं. रुग्णाच्या हृदयावर ताण नको म्हणून त्याला पुढे बसवायला परवानगी नाही. नावं बदलली आणि आता खरोखरच मी ओढायला लागले. दोन दिवसांत माझी रग जिरली. पंचाहत्तरवर जीव मेटाकुटीला यायचा. उल्हास मागे बसायचे, त्यांचे पाय मोटरच्या तालावर निमूट फिरायचे. पाचव्या दिवशी त्यांच्या हातातून चमचा पडला. आठव्या दिवशी त्यांनी भाकरीकडे नुसतं बघितलं, मी घास पुढे केला, चार घास घेतले आणि ते म्हणाले, पुरे. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले, आणि मी सहसा रडत नाही.

यास्मिनने केंद्रात भांडून परवानगी आणली. हृदयाची तपासणी केली, ती चांगली निघाली. नावं पुन्हा पहिल्यासारखी करायची ठरलं. पण तिची एक अट होती, काकांना काही सांगायचं नाही. तिचं म्हणणं खोटं नव्हतं. या रोगात जे नकळत होतं ते होतं. पाऊल टाकायचंय असा विचार केला की पाऊल अडतं. ते नकळत पुढे होते म्हणून जमलं, तुम्ही पुढे आहात असं सांगितलं आणि ते स्वतःच्या पायांकडे लक्ष द्यायला लागले तर सगळंच बिघडेल. आणि एकदा बिघडलं तर परत नकळत करायची सोय राहणार नाही, असं ती म्हणाली.

मी दोन दिवस विचार केला. गप्प राहिले तर बहुधा ते पुन्हा जेवतील. सांगितलं तर कदाचित कधीच नाही. हिशेब सोपा होता, नववीतल्या मुलीलाही सुटला असता. पण दुसऱ्या दिवशी दुपारी भरवताना त्यांनी माझं मनगट धरलं आणि बारीक आवाजात म्हणाले की तू सकाळी ओढतीस आणि दुपारी भरवतीस, माझ्यापायी तुझी हाडं झिजायला लागली. हा माणूस सहा आठवडे मला ओढत होता आणि स्वतःला ओझं समजत होता. मला ते ऐकून घेववेना. सगळं चाललं होतं ते त्यांच्या जेवणासाठी, हे खरं, पण स्वतःला ओझं समजणाऱ्या माणसाला घास गोड लागत नाही, हेही मी वर्षभर बघितलं होतं. मी ताट बाजूला ठेवलं आणि नावांची चूक, पंच्याऐंशी फेरे, रेषा, सगळं सांगून टाकलं. फक्त गुडघा वगळला.

त्यांचा चेहरा आता काही दाखवत नाही, तो रोगाचा भाग आहे. ते खिडकीतून बाहेर बघत राहिले. मग म्हणाले, "म्हंजे मी पुढं हुतो?"

"तुम्हीच होता."

"मग उद्या बघू," ते म्हणाले.

सकाळी यास्मिन आली. मी सांगून बसल्याचं कळल्यावर तिने ओठ घट्ट मिटले ते मला दिसलं. उल्हास सायकलवर चढले. नावं पहिल्यासारखी. आम्ही सुरू केलं.

तीस. चाळीस. सेहेचाळीस. तिथे अडलं. माझ्या पायाखाली पायडल धक्के देत फिरत होतं, मध्येच थबकायचं, पुन्हा सुटायचं. ते मान खाली घालून स्वतःच्या पायांकडे बघत होते. अगदी उंबऱ्यावर उभे राहून बघतात तसे. कपाळावर घाम आला होता. मी म्हटलं जमतंय, जमतंय, आणि त्यांना मदत व्हावी म्हणून होता नव्हता तेवढा जोर लावला. पन्नास झाले आणि परत चव्वेचाळीस. यास्मिनने माझ्याकडे बघितलं. मी त्यांचं जेवण कायमचं घालवलं, असं मला त्या क्षणी वाटलं आणि मी आणखी जोर लावला. त्रेचाळीस.

मग माझ्यातली मास्तरीण जागी झाली. त्या रेषा मी डोळ्यांपुढे आणल्या. वरची रेषा कुठे उंच होत होती? खालचीत खळगा पडेल तिथे. आणि आज मी एकही खळगा पडू देत नव्हते. दात ओठ खाऊन, गुडघा फुटला तरी चालेल म्हणून, मी खालची रेषा सरळ ठेवत होते. त्यांच्या पायापर्यंत माझ्याकडून काही मागणंच पोचत नव्हतं. मी दिवाळीपासून तेच करत आले होते, आणि सायकलवर नसतानाही.

हे सांगायला मला सोपं गेलं नाही. मी नवऱ्याला सगळं सांगते, फक्त मला होत नाही हे सांगत नाही.

"अहो," मी म्हणाले, "माझा डावा गुडघा दुखतोय. दिवाळीपासून. माझ्याच्यानं होत नाही."

आणि मी पाय सैल सोडला. दुखतोय तितका दुखू दिला. पायडल वर येताना लंगडलं, खाली जाताना रिकामंच गेलं. एक फेरा तसाच. दुसरा तसाच. उल्हासनी मान वर केली. आता ते पायांकडे बघत नव्हते, खिडकीकडेही नाही, माझ्याकडे बघत होते. तिसऱ्या फेऱ्यात माझा डावा पाय जिथे हटकून कमी पडतो बरोबर त्या जागी पायडल भरून आलं आणि माझा पाय न दुखता पलीकडे गेला. पुढचाही गेला. मोटर माझी होती, साखळी माझी होती, आणि त्यातून येणारा जोर त्यांचा होता हे मला डोळे मिटूनही कळत होतं, इतकी वर्षं मी त्यांच्या मागच्या चाकावर काढली आहेत. पडदा बघायचं मी सोडून दिलं. यास्मिन हळू आवाजात आकडे वाचत होती. बावन्न. चौसष्ट. अठ्ठ्याहत्तर. पंच्याऐंशीला तिने वाचणं थांबवलं. फेरे थांबले नाहीत.

"बस निवांत," ते म्हणाले. गेल्या दोन वर्षांत पहिल्यांदा मला त्यांचं बोलणं कान न देता ऐकू आलं. "मी हाय की."

त्यानंतर चार महिने झाले. रोग आहे तिथे आहे, गोळ्या चालू आहेत, उंबरा अजून कधीकधी अडवतो. पण ते स्वतःच्या हाताने जेवतात. यास्मिनने आणखी नऊ घरांत रुग्णाला पुढे बसवलंय आणि मागे बसणाऱ्यांना ती एकच सूचना देते, की दुखत असेल तिथे लपवायचं नाही. सात घरांत फरक पडलाय. का पडतो, मेंदूच्या कुठल्या वाटेने पडतो, याचं उत्तर तिच्याकडे अजून नाही. मी विचारलं की ती नववीतल्यासारखी मान हलवते, आणि ते उत्तर सापडेपर्यंत मला जगायला आवडेल.

त्या सकाळचं शेवटचं सांगायचं राहिलं. चाळीस मिनिटं झाली. मी थांबले, पण मला सायकलवरून उतरता येईना, गुडघा वळत नव्हता. यास्मिन पुढे व्हायला लागली, तेवढ्यात उल्हास त्यांच्या सायकलवरून उतरले. आमच्या दोन सायकलींत चार पावलांचं अंतर आहे. ती चारही पावलं त्यांनी न अडता टाकली आणि माझ्याजवळ येऊन उजवा हात पुढे केला. हात थरथरत होता. मी तो धरला आणि उतरले.